उजव्या मनगटाची गाठ

"एवढा बाप्या, आणि सुईला भितोस! लाज वाटते मला तुझी."

आई मुलाला सुनावत होती. त्याच्या उजव्या मनगटावर गोटीएवढी गाठ वर आली होती. सुतारकामाला पटाशी धरली की कळ यायची, पण डॉक्टरचं नाव काढलं की डोळे वटारायचा.

सून पाणी ठेवायला आली. गाल सुजलेला. दाढ, ती पुटपुटली.

"हिची दाढ बरी दर आठवड्याला ठणकते," आई म्हणाली. "जा, ते तोंड घेऊन पुढ्यात उभी राहू नकोस."

शेवटी आईने त्याला दवाखान्यात ओढून नेलंच. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबली, बॅटरीचा उजेड पाडून पाहिला.

"साधी आहे. आत चिकट पाणी साठलंय. काही केलं नाही तरी चालेल, कधी आपोआप जिरते. पट्टा बांधून आराम द्या. नाहीतर सुईने पाणी काढू, पण ते पुन्हा भरतं. ऑपरेशन अगदी शेवटी. त्यानंतरही कधीकधी परत येते."

"आमच्या वेळी असल्या गाठीवर जाडजूड पुस्तक हाणायचे."

"तसलं काही करू नका हं."

"कशाने करणार? घरात पुस्तकच नाही." मग आईने विचारलं, "हात जास्तीत जास्त दिवस कशाने बांधून राहतो?"

"ऑपरेशनने. पंधरा दिवस पट्टी. पुरता जोर यायला दीड-दोन महिने."

"मग कापाच."

"आई, कामाचं काय?"

"आग लाव कामाला. जन्मात कधी विसावा दिलास या हाताला?"

लहानपणानंतर आईने मुलाची अशी काळजी केली नव्हती. त्याने सही केली.

घरी येताच आई सुनेवर खेकसली, "पिशवी भर. मुळूमुळू रडू नकोस. मोठी घे."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तो घरी खाटेवर पडला होता, हात बोटांपर्यंत बांधलेला. पाणी मागितलं, तर आईच घेऊन आली.

"ही कुठाय?"

"गेली. सकाळी मीच गाडीत बसवून दिली."

"कुठे?"

"ते विचारायचं नाही."

तो ताडकन उठायला गेला. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. आईने पेला त्याच्या डाव्या हातात दिला.

"दोन महिने हा हात कुणाच्या अंगावर उठत नाही. तेवढ्यात तिचं बस्तान बसेल. आणि बरा झाल्यावर तिच्या वाटेला गेलास, तर गाठ माझ्याशी आहे."