सेजल सोबतीला

"डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय, तेवढंच बघा," पणजीहून सेवेला येणाऱ्या बाई म्हणाल्या.

इस्पितळाच्या व्हरांड्यात चटईवर बसलेल्या कॅन्सरच्या बायकांनी डोळे मिटले. रुक्मिणीनेही मिटले. गोवा राज्य झालं, पण पेडण्याच्या माणसाला रेडिएशनचा शेक घ्यायला अजून दोन बसगाड्या बदलून यावं लागत होतं. तिचं अंग आंबून गेलं होतं. श्वास कसला बघते? छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं.

"मनात येईल ते बोला, रुक्मिणीबाई. इथे कोणी हसणार नाही."

"चेडवाच्या लग्नापर्यंत तरी देवान दिस देवक व्हये," एवढं बोलून ती हमसाहमशी रडली. शेजारच्या चंद्रावतीने तिला पोटाशी धरलं. बाईंनी पाठीवरून हात फिरवला. रडून तिला थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

तिची लेक सेजल पलीकडे बाकावर डबा घेऊन बसली होती.

"किती गुणाची मुलगी! रोज सोबतीला येते," बाई म्हणाल्या. "ये गं, तूही बस आमच्यात."

सेजल अर्धवट उठली.

"तिका कित्याक?" रुक्मिणी घाईने म्हणाली. "ती धडधाकट आसा."

सेजल परत बसली.

चंद्रावती मांद्र्याची. तिच्या कानात शिरलेलं सांजेपर्यंत गावभर व्हायचं. रविवारी मांद्र्याचेच पाहुणे सेजलला बघायला येणार होते. हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं येईल, ही आशा रुक्मिणीने सोडून दिली होती.

"भिया नको गो," चंद्रावती म्हणाली. "मी सांगतंय त्यांका, अशी सून दिवो घेवन सोदल्यार गावाची नाय. तू आपलो जीव सांभाळ."

"माझ्या जीवाचा काय घेवन बसलंस?" रुक्मिणी पुटपुटली.

बैठक उठली. शेक झालेल्या बायका बस गाठायला निघाल्या, चंद्रावतीही गेली. शेवटची पाळी रुक्मिणी नेहमीच मागून घेई. ती बाकावर लेकीला चिकटून बसली.

"आई, तो श्वास कसो बघूचो?" सेजलने हळूच विचारलं.

"मागीर सांगतंय."

समोरचं दार उघडलं, नर्सने हाक मारली. रुक्मिणी जागची हलली नाही. सेजलने ओढणी काढून आईच्या हातात दिली आणि शेक घ्यायला ती एकटीच आत गेली.