लाभ, दोन, तीन

तेजश्रीने आपल्या प्रणालीवर आलेली तक्रार वाचून संपवली होती. शिरूरच्या बाजारपेठेतल्या त्या लहानशा खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली होती. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान होते, तिथे कुणीतरी लोखंडावर लोखंड ठोकत होते. सम्राट खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

“अर्धवट शिकलेल्या हातांनी घाईनं केलेलं काम,” तेजश्रीने तक्रारीतले शेवटचे इंग्रजी वाक्य मराठीत पुन्हा एकदा म्हटले. “मार्टिन म्हणून कुणी हाय. हॅम्बर्गचा.”

“असेल,” सम्राट म्हणाला.

मार्टिन तिच्यासमोरच बसला होता.

सात वर्षांपूर्वी सम्राटनेच तिला संगणकाची भाषा शिकवली होती. मग दोघांनी मिळून ही खोली घेतली आणि शाळांची, पतसंस्थांची, दवाखान्यांची संकेतस्थळे बांधली. तिला तो ‘दादा’ म्हणायला लावत नसे. ती आपणहून म्हणे. वडगाव रासाईला, नदीकडेच्या त्याच्या घरात, त्याच्या आईने मोबाइलवर भरत आणलेला फॉर्म रेंज गेल्यामुळे तीनदा पुसला गेला, ही हकिकत त्याने याच खोलीत सांगितली होती. यावर काहीतरी करायला हवे, असेही तो म्हणाला होता. तो म्हणाला आणि विसरला. ती विसरली नाही.

चार महिन्यांत तिने एक प्रणाली लिहिली आणि तिला धान्याच्या मापाचे नाव दिले: ‘पायली’. मोठा फॉर्म ती लहान लहान मापांत मोडते, मोबाइलमध्ये जपून ठेवते आणि रेंज आली की एकेक माप पुढे पाठवते. कुणीही फुकट घ्यावी म्हणून तेजश्रीने ती खुली केली. जगभरचे वेब डेव्हलपर ज्याची वाट पाहतात, अशा एका साप्ताहिक वार्तापत्राने पायलीचे नाव सर्वांत वर छापले. बंगळुरूच्या परिषदेत बोलायला बोलावणे आले. त्या दिवशी सम्राटने पेढे आणले, आणि पेढा त्याच्या तोंडात मातीसारखा फिरत राहिला.

नंतरचे तीन दिवस त्याने पायलीची एकेक फाइल उलगडली. प्रियकर पत्र वाचतो तशी त्याने ती वाचली, फक्त उलट्या मनाने. आभाराचे पान तेवढे उघडले नाही; तिथे चुका सापडत नसतात. तिसऱ्या दुपारी चूक सापडली. रेंज पहिल्याच मापाला तुटली, तर ते माप दोनदा पोचत होते. त्याने नवे खाते उघडले, हॅम्बर्गचा मार्टिन हे नाव घेतले, चूक सिद्ध करणारा छोटा नमुना जोडला आणि त्याखाली ते वाक्य लिहिले. चूक खरी होती. वाक्य खरे नव्हते. दोन दिवसांत ऐंशी जणांनी तक्रारीला दुजोरा दिला. बंगळुरूहून विचारणा आली: तुमचे भाषण तूर्त थांबवायचे का?

“चूक दुरुस्त केली मी,” तेजश्री म्हणाली. “सकाळीच, दौंडहून येताना, एसटीत. मार्टिनला उत्तर पण लिवलंय. जरा बघता का, दादा? इंग्रजी तुमचंच चांगलं.”

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. उत्तरात राग नव्हता. चूक तुम्ही दाखवली म्हणून कुणाचा तरी अर्ज दोनदा जाणार नाही, असे तिने लिहिले होते. पुढे एकच वाक्य होते: माझा कोड इतक्या बारकाईने वाचणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला आहे.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

“एक विचारू?” तिने तक्रारीसोबतचा नमुना उघडला. तीन मापे, एकाखाली एक. त्यांना दिलेली नावे इंग्रजी अक्षरांत होती: लाभ, दोन, तीन. “हॅम्बर्गला पण पहिल्या पायलीला ‘लाभ’च म्हणत्यात का वं?”

सम्राटचे आजोबा खळ्यावर धान्य मोजत. पहिल्या मापाला ते कधी ‘एक’ म्हणत नसत. लाभ म्हणत, मग दोन, मग तीन. संगणकाची मोजणी एकापासून न होता शून्यापासून का सुरू होते, हे त्याने तेजश्रीला पहिल्या दिवशी असेच समजावले होते. तेव्हापासून दोघांच्याही प्रत्येक नमुन्यात पहिली जागा ‘लाभ’ होती. मार्टिनच्या नावाचा नमुना करतानाही हाताने तेच लिहिले, आणि डोळ्यांना ते दिसलेच नाही.

त्याने झटक्यात पान बदलले. कुठेतरी पाहायला हवे होते म्हणून. आभाराचे पान उघडले. तिथे एकच ओळ होती: ‘सम्राट, वडगाव रासाई. मोजायला यांनी शिकवले. पायली यांच्याच घरातून निघाली.’

त्याच्या कानशिलांत रक्त चढले.

“म्हंजी आता असं करणार व्हय? माझं नाव टाकून चारचौघांत माझी शोभा?” तो उठून उभा राहिला. “कवा टाकलंस हे? आज सकाळी? त्याच एसटीत?”

तेजश्रीने बोट ओळीच्या कडेला नेले. तिथे बारीक अक्षरांत तारीख होती, काम सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसाची. त्या दिवशी पायलीत कोडची एक ओळही नव्हती. फक्त ही ओळ होती.

“तेजू,” तो म्हणाला, “मला सांगितलं का न्हाई तवाच?”

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि लॅपटॉप त्याच्यासमोर तसाच उघडा ठेवून जिना उतरून गेली.