भांडी न आदळता

जिमच्या बाकावर उताण्या झालेल्या सासूबाईंच्या हातांत सगळ्यांत हलके डंबेल्स होते. छातीच्या ऑपरेशननंतर उजव्या हाताने कशाचाच भार पेलला नव्हता. उशाशी सून उभी होती.

“पाय जमिनीला घट्ट, आई. कोपरं फार फाकवू नका. श्वास सोडत वर न्या, आणि वर गेल्यावर आदळू नका.”

“घरात भांडी आदळते, ते काढतेस होय गं?”

“मी कुठे काय म्हटलं?”

डंबेल्स थरथरत, पण जोडीनं वर गेले आणि निजलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसे हळूच खाली आले.

“छान शिकवते हो,” शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली. “लेक का?”

आजवर शेजाऱ्यांना ‘सून ऑफिसात जाते’ एवढंच सांगत आलेल्या सासूबाई अख्ख्या जिमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सून आहे माझी. ट्रेनर आहे, ट्रेनर.”