मागच्या सीटचे स्पीकर

बन्सी टेपवाल्याने नव्या कोऱ्या गाडीच्या बॉनेटवर फडकं पसरलं, त्यावर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले, आणि गहिनीनाथ ड्रायव्हरने त्यातल्या एकाकडे वैऱ्यासारखं बघितलं.

एक साधा रेडिओ. दोन गोल खुंट्या, पुढे एकच स्पीकर, आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. दुसरा कॅसेटचा टेप, काळाभोर, दुबईहून आलेला. पंच्याण्णव साली हा प्रकार नगरात नवाच होता. त्याला बटण दाबायचीही गरज नव्हती, नुसतं बोट टेकवलं की हिरवे दिवे नाचायला लागत. त्याचे स्पीकर चार, आणि त्यातले दोन बसायचे थेट मागच्या सीटच्या डोक्याशी.

"हाच घ्या, अण्णा," बन्सी म्हणाला. "मागं बसून कायबी बोला, पुढच्याला तुमची शिंकसुदिक ऐकू यायची न्हाई."

तिथेच तर घोडं अडलं होतं.

गहिनीनाथ अकरा वर्षं रंगनाथअण्णांची गाडी चालवत होता. अण्णा साखर कारखान्याचे संचालक, अर्ध्या तालुक्याचे कारभारी. गहिनीनाथचे हात स्टिअरिंगवर असत आणि कान मागच्या सीटवर. त्या कानांचं काय सांगावं! पुढे उसाचा ट्रॅक्टर धडधडतोय, आपल्या गाडीचा सायलेन्सर फाटलाय, अशातही अण्णांच्या मनातली गोष्ट ओठावर यायच्या आत याच्या कानात पोचलेली असे. यंदा आधी तोड कुणाच्या उसाला, कुणाची उचलबांगडी होणार, हे गावाला संध्याकाळी कळायचं ते त्याच्याच तोंडून. म्हणून मान होता. न्हाव्याकडे त्याची दाढी आधी. लग्नात त्याची बायको भागिरथी वरमायांच्या पंगतीला. हॉटेलात चहा सांगावा लागत नसे, आपोआप येई, वर मलई. एक-दोन खबरा उलट्या निघाल्या, नाही असं नाही. अण्णा यंदा उभे राहत नाहीत, असं त्याने गावभर केलं, विरोधक पाय पसरून झोपले, अण्णांनी शेवटच्या तासाला अर्ज भरला आणि बिनविरोध आले. पण पुढाऱ्याचं मन ते, ऐनवेळी फिरायचंच.

आता ते दोन स्पीकर मागे बसले की गहिनीनाथ कोण? नुसता ड्रायव्हर.

"अण्णा, एक बोलू का?" तो बॉनेटपाशी सरकला. "सुप्याच्या एका मॅनेजरनं असलाच टेप बसवला हुता. चौथ्या दिवशी इंजिन गाण्याच्या ठेक्यावर चालाय लागलं बघा. लावणी लागली की गाडी शंभरावर, अन् भजन लागलं की दुसऱ्या गिअरच्या वर जायाला तयारच न्हाई."

"मग?"

"मग काय, विकली बिचाऱ्यानं. भजनी मंडळाला."

अण्णांचा मेहुणा मच्छिंद्र फसकन हसला. "दाजी, ह्याला इंजिनाची काळजी न्हाई. ह्याची काळजी निराळीच हाय."

गहिनीनाथ वाकून टायर तपासू लागला. मच्छिंद्रला कळलं होतं की काय? आणखी बोलावं तर चोर म्हणून सापडायचं, गप्प राहावं तर जन्माचं बहिरं व्हायचं.

"वाजवून तर बघू," अण्णा म्हणाले.

बन्सीने तात्पुरत्या तारा जोडल्या. अण्णा आणि मच्छिंद्र मागे बसले, गहिनीनाथ पुढे. बन्सीने खिडकीतून हात घालून बोट टेकवलं, आणि ढोलकी अशी कडाडली की गहिनीनाथचे दात आपसात वाजले.

आरशात अण्णांचे ओठ हलत होते. मच्छिंद्र मान डोलावत होता. बोलणं महत्त्वाचंच असणार, कारण अण्णा मांडीवर बोट आपटून बोलत होते. गहिनीनाथने श्वास कोंडला, कान ताणले, मान तसूभर मागे नेली. ढोलकी. नुसती ढोलकी. अण्णांचे ओठ पुन्हा हलले, आणि ते काय होतं ते कायमचं गेलं. उद्या हॉटेलात लोक विचारतील, काय म्हणतात अण्णा? आणि तो काय सांगणार? चांगलं वाजतं म्हणून?

अण्णांनी हात वर केला. टेप बंद झाला.

"गहिन्या, मी आत्ता काय म्हणलो रे?"

काहीतरी ठोकून द्यावं, तर अकरा वर्षांची चोरी आपल्याच तोंडाने कबूल. आणि खरं सांगावं, तर टेप पक्का. त्याने आरशातून नजर काढली.

"न्हाई आलं ऐकू, अण्णा."

"काहीच?"

"देवाशपथ. एक शबुद न्हाई."

अण्णांचं तोंड कडू झालं. ते दार उघडून खाली उतरले.

"बन्सी, साधा बसव."

"अवो दाजी!" मच्छिंद्र ओरडला. "दुबईचा सोडून हा डबा?"

"साधा म्हणलो ना."

गहिनीनाथच्या जिवात जीव आला. इतका, की त्याने बन्सीला स्क्रू पकडायलाही मदत केली. दोन तासांनी अण्णा आणि मच्छिंद्रला घेऊन गाडी श्रीगोंद्याच्या वाटेला लागली. अरणगाव मागे पडलं. रेडिओवर कुणीतरी कांद्याचे भाव पुटपुटत होतं. मागे अण्णांनी घसा खाकरला, तशी सवयीने गहिनीनाथची मान तसूभर कलली.

"गहिन्या," अण्णा म्हणाले, "ते बंद कर अन् नीट ऐक. मी संचालकपद सोडतोय, असं आता मी मच्छिंद्रला सांगणार हाय. बाजाराच्या आधी ही खबर गावात पोचली पायजे. मागच्या खेपंला तू तीन दिवस लावलेस."