मागच्या चाकाची घरघर

आगरदांड्याच्या विनेशचं, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं, पत्र रत्नपाल सरांना येऊन वर्ष होत आलं होतं. "सर, गावातल्या नव्या वाचनालयाचं कुलूप तुमच्याच हातून काढायचंय. दोन शब्द बोला." चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की सरांना घाम फुटे. आपल्या जीपच्या मागच्या चाकाची घरघर थांबली की उत्तर लिहू, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि दर महिन्याला घरघरणाऱ्या त्या चाकातल्या जुन्या बेअरिंगला मन लावून ग्रीस भरत राहिले.

सोमवारी ऑइल बदलायला जीप दिली, तर गॅरेजवाल्या प्रांजलीने बेअरिंगही नवं घालून ठेवलं.

"काका, ग्रीस भरून भरून तुम्ही त्याला मरूही दिलं न्हाय, गप्पही बसू दिलं न्हाय. आता येतोय आवाज?"

"नाही ना," सर पडेल आवाजात म्हणाले. "ते जुनं टाकू नकोस. कागदात गुंडाळून दे."

"भंगार हाय ते. करणार काय त्याचं?"

सरांनी पुडकं पिशवीत ठेवलं. संध्याकाळी त्यांनी पोस्टाच्या पेटीत विनेशच्या नावाचं कार्ड टाकलं. "गाडी सुधारली. रविवारी येतो. उशिराचं कारण सोबत आणतो आहे. बोलायला काही सुचलं नाही, तर तेच सर्वांना दाखवीन."