बाल्कनीतली चौदा माणसं

मेहुण्याच्या नव्या घरात सगळे फोटोसाठी बाल्कनीत दाटीवाटीने उभे राहिले आणि इंजिनिअर सोफ्यामागून डोकी मोजू लागला. इमारतीचं डिझाइन त्याचंच होतं. बिनखांबाची बाल्कनी स्लॅबमधल्या वरच्या सळ्यांवर तोललेली असते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या दबल्या, की कागदावरची ताकद कागदावरच राहते. म्हणून त्या वेळी इंजिनिअरने हजर असायचं असतं. "चौदा झाले! आत या!" तो ओरडला. "भाऊजी, माणसं आहेत, सिमेंटच्या गोण्या नाहीत," मेहुणा हसला. "बाल्कनी तुमचीच, भीती तुम्हालाच?" बायकोने डोळे वटारले. सासूबाईंनी कठड्यापाशी जावयाला जागा केली. जावई जागचा हलेना. "डिझाइन चोख आहे," तो म्हणाला. "पण काँक्रीटच्या दिवशी मी आलोच नव्हतो. तपासणीची सही ऑफिसातूनच केली." फोटोसाठीचं हसू तसंच ठेवून सासूबाई म्हणाल्या, "पळू नका. एकेक जण आत या."