दोन माणसांचा टप

“कापडी टप घ्या, बाई. एकट्या माणसाला गुंडाळता येतो,” दिलावरमिस्त्री म्हणाले. “हा फायबरचा उतरवायचा तर दोघं लागतात. तुमच्याकडं दुसरं कोण आहे?”

आपल्या उघड्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून शशिकलाबाई म्हणाल्या, “शेजारी धाकटी जाऊ आहे. चार वर्षं बोलत नाही माझ्याशी.”

“मग तर कापडीच घ्या!”

“फायबरचाच बसवा.”

टप बसवण्यात मिस्त्रींचं आयुष्य गेलं, पण असं हट्टी गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी जीप दुकानासमोर थांबली. टप उतरवलेला, आणि आत दोघी तावातावानं भांडत होत्या.

“जाऊबाई, कोपरा तुम्हीच आपटलात!”

“आधी हात तू सोडलास!”

मिस्त्रींनी मनोमन शशिकलाबाईंना सलाम ठोकला आणि दोघींसाठी चहा सांगितला.